तीन पाण्यानं धुतलेली सरकी

दारव्ह्यात बाळंतीण कोणाच्याही घरची असो, तिच्या खोलीत दोन गोष्टी हटकून सापडायच्या. एक हुस्नाबी आणि दुसरी कौसल्येची पूड. हुस्नाबी दायी. सकाळी बाळ-बाळंतिणीला चोळायला यायची आणि चोळता चोळता अख्ख्या गावाची खबर देऊन जायची. पूड सरकीची. जिनिंगमध्ये कापसातून निघालेली सरकी धुऊन वाळवायची, जात्यावर भरडून टरफल पाखडायचं, आतला गर मंद आचेवर भाजायचा आणि सुंठ-खसखस घालून दळायचा. गूळ घातलेल्या दुधात चमचाभर शिजवली की बाईला दूध उतरतं, हे त्या भागात कोणाला पटवून द्यावं लागत नसे. "ही तं ढोरं खातात," असं म्हणून नाक मुरडणाऱ्या शहरातल्या सुनाही आठ दिवसांत वाटी बोटानं निपटून ठेवायच्या.

नवरा गेल्यापासून कौसल्येचं घर या पुडीवर चाललं होतं. ती पूड विकायची, पण विकते असं कधी म्हणायची नाही. "देते," म्हणायची. घेणाऱ्या बायकाही तसंच म्हणायच्या. त्यामुळे सगळ्यांनाच जरा बरं वाटायचं.

सन बासष्टच्या त्या उन्हाळ्यात तिच्या घरची सरकी नासली. कौल फुटून वळवाचं पाणी थेट माठात गेलं होतं, आणि मृगाच्या पेरण्या आटोपल्यावर झाकण काढलं तेव्हा आतून बुरशीचा भपकारा आला. एरवी तिनं थंडीत नवा कापूस येईपर्यंत वाट पाहिली असती. पण तिची लेक हंसा बाळंतपणाला आली होती. हंसाचं पहिलं मूल दूध नाही म्हणून गेलं होतं. गाईचं पाजलं, बकरीचं पाजलं, त्याच्या अंगी काही लागलं नाही. ते लेकरू मांडीवर कसं हलकं हलकं होत गेलं, हे कौसल्येनं डोळ्यांनी पाहिलं होतं. या खेपेला तसं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

ती भावाच्या घरी गेली. भाऊ वावरात होता. भावजयीनं बियाण्याच्या ढोलीत हात घालून दाखवलं. "पेरणीतून उरली हाये, बाई. न्या सगळी. उंदरं खाऊन राह्यले उगीच."

सरकीवर राखाडी थर होता. त्याचं नवल ना भावजयीला वाटलं, ना कौसल्येला. पेरायच्या सरकीला शेण-राख चोळायची, म्हणजे तिच्या अंगावरची लव बसते आणि दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकाच करत आल्या होत्या. आणि पेरणीतून उरलेली सरकी म्हणजे निवडून काढलेला, भरलेला दाणा. ती धुऊन बाळंतिणीला घालायची, हेही आजीच्या आजीपासूनचं. कौसल्येनं ती तीन पाण्यानं धुतली. पहिलं पाणी राखेच्या रंगाचं निघालं, दुसरं जरा फिकं, तिसरं स्वच्छ. तिसरं पाणी पाहून तिला समाधान वाटलं. पूड दळली तेव्हा चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिली. छान खमंग होती.

हंसाला मुलगा झाला. दूधही उतरलं, आणि असं उतरलं की चोळी ओली राहायची. कौसल्येनं लेकीला इतरांच्या दुप्पट पूड चारली. जादा दळलेली हुस्नाबीच्या हातून गावातल्या बाळंतिणींकडे गेली.

कपाशी गुडघ्याशी आली होती, तेव्हा एका सकाळी हंसाला चोळून झाल्यावर हुस्नाबी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसली. चहा समोर ठेवला तरी तिनं उचलला नाही.

"कौसल्या, बुरा नको मानजो," ती म्हणाली. "यंदा पुडीत काही नवं घातलं का वं?"

"काहून? गोड कमी पडलं का कोणाले?"

"तसं नाही."

एवढं बोलून हुस्नाबी गप्प बसली. गप्प बसलेली हुस्नाबी कौसल्येनं आजवर पाहिली नव्हती. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"बोल नं मग. कायले अडून राह्यली?"

"कोष्टीपुऱ्यातली ती सून. तिच्या हातातून वाटी पडते. म्हणते बोटं बधिर होतात. तांड्यावरच्या हिरासिंगची बायको म्हणते, ओठाले मुंग्या येतात, मिरची खाल्ली तं समजत नाही. मी म्हटलं बाळंतपणाची कमजोरी असन. पण आज तुझ्या हंसाले पाह्यलं."

"हंसाले काय झालं?"

"तू दिवसभर तिच्यातच असतं, म्हणून तुले दिसत नाही. पोट्टी भिताडाले धरून चालते."

कौसल्येला राग आला. रागात तिची जीभ फार सुंदर चालायची. "तूच चोळून चोळून तिची हाडं ढिली केली असन. हात हाये का मुसळ हाये तुहा? तीस वर्सं झाली पूड देऊन राह्यलो मी. गावातलं अर्धं पोट्टं माह्या सरकीवर वाढलं. तुह्या नासिरचं काय? ते काय हवेवर फुगलं का?"

"मी कुठं नाही म्हणतो? म्हणून तं विचारून राह्यलो. सरकी कुठची होती?"

"बळीरामच्या घरची. पेरणीची, निवडलेली. चाल, आत्ताच विचारतो त्याले, मग तुह्या तोंडावर सांगतो."

"विचार," हुस्नाबी म्हणाली. "मी हंसाजवळ बसतो."

कौसल्या तणतणत वावरात गेली. झिमझिम चालली होती. बळीराम डोक्यावरून पोत्याची खोळ घेऊन बांधावर बसला होता, बिडी ओढत. बहीण चिखल तुडवत येताना दिसली तसा तो उठला. "काय वो बाई? सगळं बरं हाये ना?"

"तुह्या घरची सरकी नेलती मी. पेरणीतून उरलेली. ती चांगली होती ना रे?"

"चांगली म्हणजे? हे पाह्य नं कपाशी. तासात कुठं एक खाडा पडला नाही यंदा. सुधारलेलं बियाणं होय ते."

"शेण-राख कोणी चोळलती? तू का तुह्या बायकोनं?"

बळीराम हसला. "राख नाही ते, बाई. औषध होय. वरूनच, सरकारातून लावून येते. बुरशी लागत नाही, कीड लागत नाही. आपल्या बायकांची मेहनतच वाचली."

"औषध?"

"हौ. पावडर. आमाले ग्रामसेवकाच्या भाषणात सांगतलं." त्यानं बहिणीकडे नीट पाहिलं. "काहून? तू कायले नेलती?"

"पूड केली."

त्यानं बिडीची राख झटकली. मग म्हणाला, "धुतली असन ना तू."

"धुतली."

"मग झालं. औषधच तं होय." पण बिडी त्यानं टाकली. ती कुठं पडली ते पाहायला की काय तो वळला, आणि त्याची पाठ कौसल्येकडे झाली.

खोळीच्या मागच्या बाजूला, त्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध, एक कवटी होती. तांबड्या शाईत छापलेली. खाली दोन हाडांची फुली. पावसानं रंग जरा फुटला होता, पण डोळ्यांची भोकं आणि दात स्पष्ट दिसत होते. वर-खाली काही अक्षरं होती. कौसल्येला अक्षरं येत नव्हती. तिला त्यांची गरजही पडली नाही.

"हे पोतं," ती म्हणाली. "हे त्या सरकीचं पोतं हाये का?"

"हौ. नवंकोरं होतं, म्हणून तं सरकी ढोलीत ओतली न्‌ हे घेतलं."

"हे पाठीवर काय हाये, ते पाह्यलं का तू?"

त्यानं खोळ उतरवून समोर धरली. "ते तं मार्का होय ना, बाई. बिड्यांच्या बंडलावर नाही का, कुठं वाघ, कुठं मोर." बोलता बोलता तो थांबला. त्यानं हात लांब केला, पोतं अंगापासून दूर धरलं. पेरणीपासून ते त्यानं रोज डोक्यावर घेतलं होतं. "मले हात धुवायले सांगतलं होतं," तो म्हणाला. "पेरून झालं की हात धुवा म्हणे साबणानं. मी धुतले, बाई. रोज धुतले."

कौसल्येला पुढचं ऐकू आलं नाही. ती धावत होती. या वयात, ओल्या बांधावरून. लुगड्याचा काठ चिखलात लोळत होता आणि डोक्यात एकच हिशेब चालला होता. इतरांच्या दुप्पट. इतरांच्या दुप्पट चारली मी तिले.

घरी हंसा भिंतीला टेकून बसली होती, मूल छातीशी. शेजारी दुधातली पूड निवत ठेवलेली. कौसल्येनं आधी वाटी उचलली, मग लेकीकडे पाहिलं.

"काढ त्याले."

"आत्ताच तं लागला वो, माय."

"काढ म्हटलं ना."

हंसानं काढलं नाही, तेव्हा कौसल्येनं स्वतःच बोट घालून त्याचं तोंड सोडवलं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब होता, तो तिनं पदरानं खसखसून पुसला. लेकरू एवढं मोठ्यानं रडलं की आत पाणी तापवत बसलेली हुस्नाबी बाहेर आली. तिनं कौसल्येच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"जहर होतं," कौसल्या म्हणाली. "राख नव्हती ते. जहराचं पोतं. माह्या भावाच्या पाठीवर चित्र हाये."

हंसा आईकडे पाहत राहिली. तिला समजायला वेळ लागला. मग तिनं आपल्या छातीकडे पाहिलं, मग रडणाऱ्या मुलाकडे. "हे, जे मी पाजून राह्यलो, त्यातबी?"

हुस्नाबीनं मूल उचललं. तिची सून अकीला घरी तान्ह्या पोरीला पाजत होती. अकीलाला सरकीचा वासच सोसायचा नाही, पुडीची वाटी ती नाक धरून मोरीत ओतायची, आणि त्यावरून हुस्नाबीनं तिला नाही नाही ते ऐकवलं होतं. आता ती म्हणाली, "अल्लानं त्या पोरीले नकटं नाक देलं, पण देलं तं कामाचं. मी याले तिच्याजवळ देऊन येतो. तू घरोघर निघ. मी येतोच मागून."

कौसल्या निघाली. कोष्टीपुऱ्यात गेली, मोमीनपुऱ्यात गेली, तांड्यावर गेली. प्रत्येक दारात तेच सांगितलं, "पूड द्या परत, खराब निघाली." लोकांनी दिली. कोणी चकित होऊन दिली, कोणी दुसरी कधी देशील म्हणत दिली. हिरासिंगच्या बायकोनं पुरचुंडी हातावर ठेवताना विचारलं, "पण माह्या ओठाचं काय?" कौसल्या म्हणाली, "सकाळच्या गाडीनं यवतमाळले चाल माह्यासंगं, दवाखान्यात." यापेक्षा जास्त तिला काही माहीत नव्हतं.

दिवे लागायच्या वेळेला एक घर उरलं. बाजारपेठेतल्या कापड दुकानवाल्याच्या घरची इंदूबाई. सून तिची पहिलटकरीण. इंदूबाई अंगणात सुपारी कातरत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, अडकित्ता खाली ठेवला.

"कौसल्याबाई, तुमी शहाण्या. दुधाची वस्तू परत मागतात का?"

"ती दुधाची नाही राह्यली, इंदूबाई. जहर लागलं तिले."

"माह्या सुनेले थेंब नव्हता. तुमची पूड खाल्ली, आता नातू पिऊन पिऊन झोपतो. याले तुमी जहर म्हणता?" तिनं आवाज खाली आणला. "पुडीमागं दूध जाते, हे मी सांगावं का तुमाले? तुमीच सांगतलं होतं मले, माह्या नासिकच्या नणदेनं मागतली तेव्हा. म्हणे, आपल्यातली चिमूटबी देऊ नका, दूध तिच्याकडं जाईन."

ते खरं होतं. कौसल्या प्रत्येकीला तसं सांगायची. वाटून दिलेली पूड पुरत नाही, मग बाई म्हणते गुण आला नाही. त्यापेक्षा हे बरं, सगळ्यांना पटायचं. स्वतःच लावलेली कडी आता तिलाच बाहेरून उघडता येत नव्हती.

"तुमच्या हंसाचं दूध आटलं असन," इंदूबाई म्हणाली. ती वाईट बाई नव्हती, नातवाची आजी होती. "म्हणून फिरून राह्यल्या तुमी घरोघर दूध गोळा करत. मले समजते, मायचा जीव हाये. पण माह्या घरचं मी देणार नाही. आन् तेबी दिवेलागणीले."

दारात उभ्या हुस्नाबीनं तोंड घातलं, "इंदूबाई, मी तुमच्या नातवाची नाळ कापली, मी खोटं बोलीन का?"

"तुमी दोघी मैतरणी. गाव जाणते."

कौसल्या घरी आली ती तशीच, हात रिकामे. हंसा चुलीपुढे बसली होती. आईनं सांगितलं ते तिनं निमूट ऐकलं. मग भिंतीला धरून उठली.

"चाल. मी येतो."

"तू कुठं येतं? तुले चालता येत नाही."

"तेच तं दाखवाले येतो," हंसा म्हणाली.

इंदूबाईच्या घरापर्यंत कौसल्येनं एका बाजूनं धरलं, हुस्नाबीनं दुसऱ्या. अंगणात आल्यावर हंसानं दोघींचे हात सोडवले. दारापासून ओसरीपर्यंत चार पावलांचं अंतर असेल-नसेल. हंसा पाय टाकायची तो पडायचा भलतीकडेच, जमीन कुठं आहे हे पाय विसरल्यासारखे झाले होते. शेजारच्या बायका गडग्यावरून पाहत होत्या. मध्येच ती तिरपी गेली, तुळशीच्या कट्ट्याला धरून सावरली, पुन्हा निघाली. लहानपणी हीच पोरगी डोक्यावर दोन घागरी घेऊन नाल्याच्या दगडांवरून यायची. कौसल्येनं पुढे व्हायला हात उचलला, तो हुस्नाबीनं धरून ठेवला.

हंसा ओसरीच्या पायरीवर बसली. तिचा श्वास लागला होता. चोळीचा पुढचा भाग ओला होता, पार कमरेपर्यंत.

"माहं दूध आटलं नाही, इंदूमावशी," ती म्हणाली. "पाहून घ्या."

इंदूबाईनं पाहिलं. तिच्या तोंडातली सुपारी थांबली. पण ती उठली नाही. आणि मग आतून तिची सून आली. तिनं सगळं ऐकलं असावं, कारण पुडीचा डबा तिच्या हातातच होता. ती सरळ चालत आली आणि दाराच्या चौकटीला खांदा एवढ्या जोरात धडकला की डबा खाली पडून ओसरीभर पूड सांडली.

"दिसत नाही का गं?" सवयीनं इंदूबाई बोलून गेली.

सून खांदा चोळत उभी राहिली. "समोरचं दिसते, आत्याबाई. बाजूचं दिसत नाही. चार-पाच रोज झाले. नळीतून पाह्यल्यावाणी वाटते." मग घाबरून म्हणाली, "मले वाटलं, रात्री जागरण होते म्हणून."

इंदूबाईनं आधी सुनेकडे पाहिलं, मग खाली सांडलेल्या पुडीकडे. रोज दोन वेळा ती आपल्या हातानं, सून नको नको म्हणत असताना, चमच्यानं तिला ती भरवत होती. ती हळूहळू उठली आणि पदराच्या टोकानं पूड गोळा करायला लागली, कणन्‌कण, जमिनीच्या सारवणातून नखानं खरवडून.

"झाडू घ्या, इंदूबाई," हुस्नाबी म्हणाली. "हात नका लावू."

इंदूबाईनं हात मागे घेतले आणि ते अंगापासून लांब धरून ती तशीच बसून राहिली. "लेकरू आत हाये," ती म्हणाली. "आत्ताच पिऊन झोपलं."

सकाळी छोट्या आगगाडीनं यवतमाळला जायचं ठरलं. सगळ्या बाळंतिणी, त्यांच्या सासवा, आया. बळीराम पोत्याची घडी करून घेऊन येणार होता, डॉक्टरला अक्षरं वाचता यावीत म्हणून. डॉक्टर काय म्हणेल, लेकरांच्या अंगात किती गेलं असेल, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

निघायच्या आधी, नुकतं उजाडलं असताना, कौसल्येनं परसात, विहिरीपासून लांब, कुंपणाजवळ खड्डा खणला. ढोरं जात नाहीत, कोंबड्या जात नाहीत, अशी जागा शोधायला तिला बराच वेळ लागला. सगळ्या पुरचुंड्या, इंदूबाईचा डबा, तीस वर्षं जातं पुसलेलं फडकं, सगळं तिनं खड्ड्यात टाकलं.

हंसा मागच्या दारातून आली, भिंतीच्या आधारानं. रात्रभर तिला झोप नव्हती. छाती दगडासारखी टणक झाली होती, हात लावू देत नव्हती. मूल अकीलाकडे पोटभर पिऊन झोपलं होतं, ही हुस्नाबीनं पहाटेच येऊन सांगितलेली बातमी ऐकून ती हसली होती आणि मग भिंतीकडे तोंड करून पडली होती.

बाळंतिणीचं जास्तीचं दूध पायदळी जाऊ देत नाहीत. उंबराच्या मुळाशी घालतात, नाहीतर कढीपत्त्याच्या. कौसल्येनं सवयीनं वाटी आणली होती. ती हातात धरून तिनं परसातल्या झाडांकडे एकेक करून पाहिलं. उंबराकडे पाहिलं. त्याच्यावर पाखरं बसली होती. तिनं वाटीही खड्ड्यात टाकली.

"इथंच बस," ती म्हणाली.

हंसा खड्ड्याच्या काठावर बसली. दोन्ही हातांनी तिनं छाती दाबली. बोटांना स्पर्श कळत नव्हता, म्हणून हात बरोबर कुठं आहेत ते तिला मान खाली घालून पाहावं लागत होतं. दूध बारीक धारांनी पुरचुंड्यांवर पडायला लागलं. पांढरंशुभ्र, दाट. कौसल्येनं आयुष्यात इतक्या बाळंतिणी पाहिल्या होत्या, पण एवढं दूध तिनं कोणाला पाहिलं नव्हतं.

स्टेशनाकडून गाडीची पहिली शिट्टी आली. कौसल्येनं फावडं उचललं आणि कडेची माती ओढली.

"थांब, माय," हंसा खड्ड्यातच पाहत म्हणाली. "अजून येऊन राह्यलं."